काकांची क्रांती आणि पोलादपूरचा बँड

जगात कुठेही सरकार पडलं की मनापासून खूश होणारा माणूस महाडात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा काका आहे. राजकारणाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. त्यांची सगळी माया वाद्यवृंदावर. औद्योगिक वसाहतीत ते नोकरीला असताना यंत्रं बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरने जाताना त्यांना सिंफनीच्या कॅसेटी दिल्या, आणि तेव्हापासून काकांचं मत पक्कं झालं, की अलीकडच्या काळात जे काही थोर संगीत झालं ते क्रांती, युद्ध आणि हुकूमशहा यांच्याच कृपेने. "शांत देशात घड्याळं चांगली होतात," ते म्हणतात, "सिंफनी होत नाही." जेवताना ते कॅसेट लावतात आणि मध्येच हात वर करून सगळ्यांचे घास थांबवतात. "हे ट्रम्पेट ऐका. राजा पळाला." काकू एकदा शांतपणे म्हणाल्या, "पळू दे. तुम्ही आमटी घ्या." एखादा पाहुणा चुकून व्हायोलिनवर खूश झालाच, तर त्याला लगेच कळतं की हे लिहिणाऱ्याच्या घरावर तेव्हा बाँब पडत होते. मग बिचाऱ्याला पुढचा भात गोड लागत नाही.

मागे पोलादपूरकडच्या एका गावात सरपंचावर अविश्वास ठराव मंजूर झाला आणि काकांना हवी तशी उलथापालथ एसटीच्या अंतरावर मिळाली. जिंकलेल्या गटाच्या मिरवणुकीला ठरलेल्या बँडचा मास्तर त्यांच्या ओळखीचा. काका मला घेऊन त्याच्याकडे गेले. "नेहमीची गाणी नकोत," ते म्हणाले. "या घटनेवर स्वतःचं काहीतरी बांधा."

मास्तर क्लॅरिनेट पुसत म्हणाला, "लोकं नाचली पायजेत, साहेब. बाकी बघतो."

नवी धून चांगली ठसकेबाज होती. पण पडलेल्या सरपंचाचं घर आलं आणि ठेका तोच असूनही क्लॅरिनेटचा सूर असा काही खाली, उदास उतरला, की ओटीवर उभ्या असलेल्या सरपंचाच्या आईने पदर डोळ्यांना लावला. पुढे पोरं गुलालात नाचतच होती. त्यांना त्यात विजयच ऐकू येत होता. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं.

मिरवणूक पांगल्यावर त्यांनी मास्तरला गाठलं. "हे असं दुहेरी वाजवायला कुठे शिकलात?"

"शिकतोय कुठला, साहेब." मास्तरने आवाज खाली आणला. "दोन्ही पार्ट्यांची लग्नं मलाच वाजवायची हायत. कोणाला लागलं, तर उद्या गावात कोण घेणार नाय मला. वाजवताना सारखं भ्या वाटत होतं."

आता भाषण होणार म्हणून मी तयारीत होतो. पण काका त्याच्या शेजारी पायरीवर बसले. "रशियात एक जण होता," ते हळूच म्हणाले. "हुकूमशहाला त्याचं संगीत खटकलं. आता पोलीस न्यायला येतील म्हणून कपडे घालून, बॅग भरून दाराबाहेर रात्र काढायचा. आणि दिवसा सिंफनी लिहायचा."

"मग नेला काय त्याला?"

"नाही नेला."

"मग बरं," मास्तर म्हणाला, आणि आपल्याच वाडीतल्या कुणाची खुशाली कळावी तसा त्याने श्वास सोडला. बँडवाले टेम्पोत ढोल चढवेपर्यंत काका मास्तरशेजारी नुसते बसून राहिले.