शिकण्याच्या दोन दिवसांची मजुरी

माझे अक्षर वेडेवाकडे आहे आणि चुकाही पुष्कळ असतील. शाळा चौथीतच सुटली. ही वही कुणाच्या हाती लागली तर सांभाळून घ्यावे. मुकादमकाकांचे मात्र लिहून ठेवायचे आहे.

आम्ही अकरा बायका विरारचे रस्ते झाडायचो. काम महापालिकेचे, पगार ठेकेदाराचा. काका आमच्यावर मुकादम, अर्नाळ्याचे कोळी. होडीवरचे काम सुटले तरी उभे राहायचे होडीत असल्यासारखे, पाय फाकून. आठ तास भरले की ते येऊन झाडूचा दांडाच धरायचे.

"काका, एवढा ढीग उचलू द्या."

"ठेव गो बाय. कचरा कुठं पळून जात नाय."

"तुमचं लग्न घड्याळाशीच लागलंय," सुशीला चिडवायची.

"बरं हाय ना! ते उलटून बोलत नाय."

एकदा काचेने माझे बोट कापले, तीन टाके पडले. इजा न होता काम कसे करायचे ते कामगारांना दोन दिवस शिकवायचे, असे ठेक्यातच लिहिले होते. काकांनी ते मागे लागून करायला लावले. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "शिकायला बसाल त्या दिवसांची मजुरी नाही." मग कोण बसणार? आम्ही नको म्हटले.

काका म्हणाले, "शिकनं पन कामच हाय. पैसे मिळतील. मी सांगतो ना."

वर्गात मी सगळ्यांच्या मागे. शिकवणाऱ्या बाईंनी विचारले, फुटलेली काच कशी उचलाल? माझा आवाजच फुटेना. "तिला करून दाखवू द्या," काका म्हणाले. मी हातमोजे घालून, पुठ्ठ्याने काच सुपलीत ओढून दाखवली. "झालं! आता हिला टाके पडनार नाय." तेव्हापासून पडले नाहीत.

पगाराच्या दिवशी काकांनी प्रत्येकीला पाकीट दिले. "हापिसातून आलेत." पगार नेहमी बँकेत, मग हे रोख कसे, हे कुणीच विचारले नाही.

पुढे ठेकेदार बदलला. आम्हाला ठेवले, काकांना नाही. त्या दोन दिवसांच्या मजुरीसाठी त्यांनी महापालिकेत अर्ज केला होता. अर्ज करणारा मुकादम कुणाला हवा?

काही महिन्यांनी दोन दिवसांची मजुरी बँकेत जमा झाली. महापालिकेने जुन्या ठेकेदाराची अनामत अडवून ठेवली होती, त्यातून दिली म्हणे.

"अगं, पण हे पैसे तर आपल्याला आधीच मिळालेत ना?" सुशीला म्हणाली. पाकिटातले रोख पैसे काकांच्याच खिशातले होते, हे तेव्हा उमगले.

रविवारी अकराही जणी अर्नाळ्याला गेलो. काका अंगणात दुसऱ्याचे जाळे मजुरीवर सांधत बसले होते.

"कसले पैसे? मी नाय दिले कुनाला."

तेव्हा मीच बोलले. "काका, शिकणं कामच होतं ना? मग त्याची मजुरी ठेकेदारानं द्यायची. तुम्ही नाही."

त्यांनी जाळे सांधायचे थांबवले. "हिला बोलायला कुनी शिकवलं गो?"

मी सगळ्यांचे पैसे त्यांच्या मांडीवरच्या जाळ्यात ठेवले आणि म्हटले, "मोजा."

त्यांनी डोळे पुसले आणि मोजले. अकरा जणींचे, दोन-दोन दिवसांचे. एक रुपया कमी नव्हता.