बुसैतीनचा अबोला

विमान बहारीनवर उतरायला लागलं तेव्हा खाली समुद्राचे असे निळे-हिरवे पट्टे दिसले की शेजारची बाई माझ्या मांडीवरून खिडकीकडे वाकली. मी मात्र मयताला निघालेल्या माणसाचा चेहरा करून बसले होते.

मयत होतं एका फुलझाडाचं. पावसाळी लिली आपल्याकडे अंगणोअंगणी असते. चांगली सर येऊन गेली की वीतभर दांड्यावर एकेक फूल उभं राहतं. साताऱ्याच्या आमच्या परसात पांढऱ्या आणि गुलाबी लिलीचे पराग एकमेकींना लावून मी एक नवा वाण केला होता. पांढरं फूल, घशात पोपटी छटा, पाकळीच्या टोकाला हिरवा ठिपका. तेव्हा आमचे हे आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. कारण आता दोघांनाही आठवत नाही. पहिलं फूल उमललं आणि मी विसरून ओरडले, "अहो, बघा तरी!" म्हणून फुलाचं नाव अबोला.

नावाची हौस मला जुनी. तरुणपणी मी माणसांना नावं ठेवायची, ते सोडा. चाळिशीत कुठल्याशा मासिकात स्नोड्रॉपबद्दल वाचलं. विलायतेत बर्फातून डोकं वर काढणारं हे पांढरं फूल, आणि त्याचा हिरवा ठिपका जरा इकडचा तिकडे झाला की लोक नवा वाण म्हणून बारसं करतात. झालं! बाईसाहेबांनी ओळखीतून कंद मागवले, थंडी हवी म्हणून फ्रिजमध्ये ठेवले आणि उगवायच्या आधीच नाव ठरवून टाकलं, 'हिमकन्या सातारकर'. सासूबाई ते लसूण समजून सोलायला बसल्या. कंद विषारी, मी झडप घातली म्हणून त्या दिवशीची आमटी निभावली. उरलेले कंद कुंडीत कुजले. घुगऱ्या शिजलेल्या आणि पाळणा रिकामा, अशी ही बाई!

तर अबोल्याचे थोडे कंद मी माझ्या लेकीला, शरयूला, दिले होते. ती आणि जावई सनदला (राजधानी मनामाच्या दक्षिणेची वस्ती) अंगणाच्या घरात राहत. दोन वर्षांपूर्वी ते अंगण सोडून तिथल्याच एका फ्लॅटमध्ये गेले, तेव्हा मी फोनवर नातीला विचारलं, "इरा, माझ्या लिलीचं काय गं?" ती म्हणाली, "लिली? खलास, आजी!" मी फोन ठेवला आणि पुन्हा विषय काढला नाही. माझ्याकडे होता ना अख्खा वाफा. पण गेल्या पावसाळ्यात पाणी इतकं साचलं की तो वाफा सगळा कुजला. आता आशा एकच होती: सनदच्या जुन्या घराच्या मातीत चुकूनमाकून एखादा कंद राहिला असेल.

सकाळी शरयूने बलालीत (गोड शेवया, वर ऑम्लेट) पुढ्यात ठेवलं. शेवयांवर अंडं बघून मी आधी तिच्याकडे पाहिलं, मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ती ऑफिसला गेली. इरा सखीरला कॉलेजात शिकते, त्या दिवशी तिला सुट्टी होती.

"यल्ला, चल आजी, कुठे जायचं? मॉल?"

"तुमचं जुनं घर दाखव."

"व्हाय?" असं म्हणत का होईना, तिने गाडी काढली. रस्ते सपाट, आभाळ धुळकट पांढरं, भिंतीभिंतीवरून सांडलेली बोगनवेल. घर आलं. फाटकाच्या गजांतून आत पाहिलं तर अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चकचकीत फरशी. माती म्हणून चिमूटभर दिसेना. मी गाडीत येऊन बसले आणि पदराने चष्मा पुसत राहिले.

"आजी, आपण काय शोधतोय एक्झॅक्टली?"

"अबोल्याचा कंद. एखादा तरी."

"पण तो तर बुसैतीनला आहे! आय टोल्ड यू. खलास!"

"तेच म्हणतेय मी. खलास ना?"

"हो! म्हणजे डन! उम यूसुफकडे शिफ्ट केला, काम खलास. इथे सगळे असंच म्हणतात."

"अगं भवाने, आमच्यात खलास म्हणजे मेलं!"

"हू सेज दॅट?"

"अख्खा सातारा जिल्हा म्हणतो!"

तिने तिथूनच शरयूला फोन लावला. पलीकडे लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, मला वाटलं तू रागावलीस, फूल परक्या घरी दिलं म्हणून. म्हणून मीही काही बोलले नाही." म्हणजे अबोल्यापायी आम्ही मायलेकींनी दोन वर्षं अबोला धरला होता. रडावं की हसावं कळेना. मी दोन्ही उरकून घेतलं.

बुसैतीन मुहर्रक बेटावर आहे. समुद्रावरचा पूल ओलांडताना आदल्या दिवशी न पाहिलेलं पाणी मी डोळे भरून पाहिलं. उम यूसुफ म्हणजे यूसुफची आई. तिकडे बायकांना थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. शरयूच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची ही सासू. माझ्याच वयाची, दुप्पट रुंद, आणि हिंदी थेट मुंबईच्या बाजारातली.

"आओ, आओ! अबू ओला का अम्मा आया!"

"कौन अबू ओला?" मी इराकडे बघितलं. अबू म्हणजे बाप, एवढं मला माहीत होतं. ओलाचा बाप म्हणवून घेणारा कुणी मुलगा मला असल्याचं आठवत नव्हतं.

उम यूसुफने मनगट धरून मला मागच्या अंगणात नेलं. कनारच्या (तिकडचं बोराचं झाड) सावलीत लांबट कुंड्या मांडलेल्या, आणि त्यांत दाटीवाटीने माझा अबोला. पांढरा, घसा पोपटी, ठिपका जिथल्या तिथे. मी कुंड्यांशी उकिडवी बसले. गुडघे नंतर बोलले.

"अबोला, अबू ओला, एक ही बात," ती म्हणाली. "रोज सुबू मैं बोलती, शलोनक, अबू ओला?"

शलोनक म्हणजे कसा आहेस. ज्याचं नाव भांडणावरून पडलं, त्याची रोज सकाळी एक बाई विचारपूस करत होती. आम्हा दोघांना संसारात हे कधी सुचलं नाही.

मग तिने बोटाने कुंडीचा कोपरा दाखवला. तिथे एक निराळंच फूल होतं, फिक्या गुलाबी अंगाचं, पण टोकाला तोच हिरवा ठिपका. बी पडून आपोआप रुजलेलं. "ये ओला. उसका बेटी."

माझ्या ओठांवर दुसरं नाव आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण ज्याच्या दारात फूल उमललं, नाव त्याचं. आणि नाव तरी कसलं! "हमारे मराठी में ओला मतलब भीगा हुआ," मी सांगितलं. पावसाच्या लिलीला याहून नेमकं नाव मला आयुष्यात सुचलं नसतं. उम यूसुफ हसता हसता खांबाला टेकली.

मग गहवा (वेलदोड्याची कॉफी) आला. छोटा कप संपला की ती भरायची, मी यजमानांचा मान म्हणून संपवायची, ती पुन्हा भरायची. पुरे झालं की कप नुसता हलवायचा असतो, हे इराने मला गाडीत बसल्यावर सांगितलं. तोवर माझ्या पोटात हौद झाला होता.

निघताना उम यूसुफ कंद उपटायला वाकली. "ले जाओ."

"नको," मी म्हटलं. "घरजावयाला माघारी नेत नाहीत." इराने याचं भाषांतर काय केलं कोण जाणे; त्या बाईने माझी दोन्ही गालांवर पापी घेतली.

साताऱ्यात पाऊल ठेवलं तर यांनी आधी माझी बॅग चाचपली.

"कंद?"

"परवान्याशिवाय आणता येत नाहीत. आणि मला आणायचेही नव्हते. सगळे एकाच वाफ्यात ठेवायचा शहाणपणा एकदा करून झालाय."

"मग बघितलंस ना?"

"बघितला. आहे."

हे "बरं" म्हणाले आणि मागच्या दारी गेले. कुजलेला वाफा मी तेव्हापासून तसाच ठेवला होता, कुणाला कोथिंबीरसुद्धा पेरू दिली नव्हती. कंबरेवर हात ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघून यांनी भीत भीत विचारलं, "मेथी टाकू या?"

"टाका की."

मेथी झकास आलीय. परवा तिची भाजी निवडताना अर्धी जुडी संपली तरी मला त्या जागेवरच्या फुलाची आठवणही झाली नाही. मी इतकी निर्धास्त आहे.