वासाचं पाणी

आरोग्य खात्यातल्या माणसाला किस्से विचारू नका भाऊ! विहिरीतल्या गाळासारखे साचतात. दर उन्हाळ्यात उपसा, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेवढेच! सत्तरच्या दशकात मी नागपूर महापालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. गांधीबागेच्या मागचा वॉर्ड माझ्याकडे. आता पेन्शनीत बसलो की लोक म्हणतात, "सांगा ना काही मजेचं!" मी सांगायला लागतो, आणि कुठूनही सुरुवात केली तरी गाडी महादेवावरच येते.

महादेव म्हणजे आमचा विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणारा माणूस. खाकी हाफपँट आणि हातात जस्ताची बादली. साहेब मी होतो, पण तेवढा मोठा माणूस मी त्या खात्यात दुसरा पाहिला नाही.

* * *

एकदा पावडरचं नवं पिंप आलं. महादेवानं झाकण काढलं, नाक आत घातलं आणि म्हणाला, "सायेब, हे मेलेली आहे."

आमचे हेल्थ ऑफिसर म्हणजे डॉक्टरसाहेब, मोठे शिकलेले. ते हसायलाच लागले. "अरे, पावडर कधी मरते का?"

"सर्द हवा लागली का मरते सायेब."

डॉक्टरांनी पावडर पाण्यात कालवली, ते पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पावडरीत दम असला तर पाणी पिवळं पडतं. पाणी जसंच्या तसं! डॉक्टर एकदा नळीकडे बघतात, एकदा महादेवाच्या नाकाकडे. त्या दिवसापासून पिंप आलं की साहेब खुर्चीतूनच ओरडायचे, "आधी महादेवाला बोलवा!"

* * *

हा किस्सा हसण्याचा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

विणकरांची एक गल्ली होती. घरोघरी माग आणि सगळ्यांत मिळून एक विहीर. एका पावसाळ्यात महादेव तिथं बादली घेऊन गेला, तर ओट्यावर भागीरथीआजी उभी. गल्लीत तिचा शब्द म्हणजे कायदा!

"पाण्याले वास मारते तुह्या पावडरीचा. चाल, निघ इथून!"

महादेव परतला. चार दिवसांत गल्लीत गॅस्ट्रो शिरला. आजीची नात मंजू, सात वर्षांची, आमच्याच जीपमध्ये दवाखाना गाठायच्या आधीच गेली.

संध्याकाळी महादेव ऑफिसच्या पायरीवर बसला होता. "म्हातारीनं हाकललं, ते ठीक आहे सायेब. पण मी काहून परतलो?"

त्यानं तिथंच ठरवलं, की पावसाळ्यात ती विहीर एक दिवसही बिनपावडरीची राहायची नाही आणि त्या गल्लीतलं दुसरं लेकरू जायचं नाही.

* * *

आजी त्यानंतर विहिरीकडे फिरकेना. महादेव दिसला की दार लावून घ्यायची. गल्लीचा हट्ट मात्र कायम! एक दिवस बायकांनी दोरासकट पोहरा लपवला. दुसऱ्या दिवशी महादेव स्वतःचा दोर कमरेला गुंडाळून हजर. मग त्यांनी विहिरीवर खाट टाकली आणि खाटेवर एक म्हातारेबुवा झोपवले! म्हाताऱ्याला उठवणार कोण?

त्या दिवशी मीही सोबत होतो. पाऊस सुरू झाला. महादेवानं माझी छत्री मागून घेतली आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर धरून उभा राहिला. स्वतः चिंब! तासाभरानं म्हातारेबुवाच शरमले. "टाक गा बाप्पा, काय टाकाचं ते!"

तेवढ्यात एका सुनेनं मला फुलपात्रात पाणी आणून दिलं. महादेवाला कुणी विचारलं नाही; त्याच्या जातीला फुलपात्र नसे, वरून ओतलेली ओंजळ. मी म्हटलं, "तू रे?"

"माहं ऑफिसात माठात आहे सायेब."

मी पाणी पिऊन मोकळा झालो. त्याची आज लाज वाटते.

* * *

आमचे नगरसेवक एकदा त्याच ओट्यावर भाषणाला उभे. "विहिरीचं पाणी अगदी शुद्ध आहे, निर्धास्त प्या!" भाषण झकास चाललं होतं. मध्येच घसा कोरडा पडला, म्हणून त्यांनी घरून आणलेला थर्मास उघडला.

महादेव मागून हळूच म्हणाला, "सायेब, लोकं भाषण नाही ऐकून राहिले, थर्मास पाहून राहिले!"

नगरसेवक लाल झाले. पण माणूस दिलदार! थर्मास बंद केला, पोहरा मागवला आणि तोंड वाकडं करत दोन गिलास रिचवले. "हे पाणी वर्षानुवर्षं पिता तुम्ही?" असं म्हणून गल्लीत नळ आणायचा त्यांनी ध्यासच घेतला.

* * *

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली मारबत, इडापिडा घेऊन जाणारी बाईची मूर्ती, निघते. सोबत बडगे. ज्याचा राग आला त्याचा पुतळा करायचा आणि ओरडत नेऊन जाळायचा. एका वर्षी गल्लीतल्या पोरांनी बडग्या केला तो थेट महादेवाचा! खाकी हाफपँट, हातात बादली. "पावडरवाल्याले घेऊन जा गे मारबत!"

महादेव टक लावून बघत होता. अचानक गर्दीत घुसला! त्यानं बडग्याच्या हातातली बादली सोडवली, उलटी करून बूड पाहिलं.

"हे तं माही बादली होय! सकाळपासून शोधून राहिलो. मले जाळा खुशाल, पण तुमचीच विहीर राहिली ना आजची!"

ढोल थांबला. बादली घेऊन तो गेलासुद्धा! मिरवणूक रिकाम्या हाताच्या महादेवाला घेऊन मुकाट पुढे सरकली.

* * *

त्या गल्लीत पुन्हा लेकरू गेलं नाही. एकही नाही! काही वर्षांनी नळ आला, नारळ फुटला, पेढे वाटले. मी महादेवाला म्हटलं, "सुटलास लेका!"

तिसऱ्या दिवशी भागीरथीआजी ऑफिसात. कमरेत वाकलेली, हातात पितळी तांब्या, त्यावर फुलपात्र झाकलेलं. मी खुर्ची पुढे केली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ पायरीवर बसलेल्या महादेवाकडे गेली.

"महादेवा, नळाच्या पाण्याले वासच नाही गा."

"गोड पाणी आहे माय ते."

"वास नाही, म्हणून मी कोणाले पिऊ नाही देल्लं. गल्ली अजून विहिरीवरच आहे. तू पाह्य आधी."

महादेव हसला नाही. त्यानं काचेची नळी धुतली, तांब्यातलं थोडं पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. त्यानं नळी उन्हात धरली. "पाह्य माय. पावडर मोठ्या टाकीतच टाकून देतात."

आजीनं तो पिवळा रंग जवळ येऊन पाहिला. मग तिनं तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं आणि त्याच्यापुढे धरलं. "पहिलं तू पी."

"माहं माठात आहे माय."

"पी म्हणतो ना!"

तिनं फुलपात्र मागे घेतलं नाही. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. महादेव सवयीनं पायरीखाली उकिडवा बसला आणि त्यानं ओंजळ पुढे केली.

आजीनं ओंजळीत पाणी ओतलं नाही. फुलपात्रच ठेवलं.

"पी गा," ती म्हणाली, "मंग लेकरायले पाजीन."