आत्याचं गोठलेलं खातं

आत्याचा आवाज आगरदांड्याच्या जेट्टीवर फेरीच्या भोंग्याच्या वर चढायचा. सुके बोंबील, सोडे, जवळा घेऊन ती तिथे बसायची आणि फुकट घासाघीस करणाऱ्याला फाडून खायची. "वास घेऊन झाला ना? मग त्याचं पैसं दे आनि जा," असं एका गाडीवाल्याला तिने खरंच सुनावलं होतं. अख्खं गाव तिला आत्याच म्हणायचं; तिचं खरं नाव मला पासबुकावर वाचून कळलं. गावातल्या बँकेत मी काउंटरला बसतो.

अडलेल्या माणसापुढे मात्र हीच आत्या विरघळायची. जेट्टीवर एटीएम नाही. रोकड संपलेले पर्यटक तिच्या मोबाइलवर पैसे पाठवायचे आणि ती तेवढ्या नोटा कमरेच्या पिशवीतून काढून द्यायची. वर एक रुपया घेत नसे. मी एकदा हटकलं, तर म्हणाली, "यंत्र न्हाय म्हनून मानसानं पन उपेगी पडू नये काय रे?"

उन्हाळ्यात असाच एक तरुण आला. आई दवाखान्यात आहे, रोख हवी म्हणाला. पैसे मोबाइलवर आले तसे आत्याने अठरा हजार मोजून दिले, शिवाय "आई बरी झाली की करून घाल" म्हणून सोड्यांचा पुडा. ते पैसे दूरच्या कुठल्या शहरातल्या म्हाताऱ्याला फसवून उकळलेले होते. महिन्याभरात तिकडच्या पोलिसांचं पत्र आलं आणि आत्याचं अख्खं खातं गोठवलं गेलं. गोठवणारं बटण मी दाबलं.

कायदा मी वाचला आहे. चोरीचा पैसा जाणूनबुजून घेणाऱ्याला, पुढे सरकवणाऱ्याला शिक्षा हवीच. पण मग 'जाणूनबुजून' हा शब्द त्यात घातलाय कशाला, शोभेला? आत्याला काही विचारायला कुणी आलं नाही. दोन दिवसांचा प्रवास करून तिनेच तिकडे जबाब द्यायला जायचं म्हणे! आणि तो हरामखोर फेरीने खाडीपलीकडे दिघीला उतरला तो उतरलाच. "अठरा हजार अडवा, बाकीचे तिचे आहेत," असं मी साहेबांना म्हणालो. "वरून आदेश आहे," ते म्हणाले. मी गप्प बसलो, याची मला आजही चीड येते.

कारण ते बाकीचे म्हणजे तिचं वर्षाचं भांडवल होतं. नारळी पौर्णिमा झाली, होड्या निघाल्या, ओले बोंबील किनाऱ्यावर आले, आणि वाळत घालायला माल घ्यावा तर आत्याकडे पैसे नाहीत. ती रोज काउंटरवर यायची. "सुटला काय रे माजा पैसा?" तो जेट्टी हलवणारा आवाज दिवसेंदिवस खाली येत गेला. खातं सुटलं तेव्हा हंगाम संपला होता.

परवा दिघीला जाताना मी पाकीट घरी विसरलो. आत्यापुढे एकच टोपली होती. म्हटलं, "आत्या, शंभर रुपये दे, आत्ता मोबाइलवर पाठवतो."

तिने पिशवीतून नोट काढून माझ्या हातात कोंबली आणि मोबाइल पदराखाली दडवला.

"घेऊन जा," ती हळूच म्हणाली. "पन पाठवू नको. मना काय पन पाठवू नको."