कशेळ्याच्या नाक्यावर दोन पांढऱ्या काठ्या

एकोणिसाव्या वर्षी माझ्या डोळ्यांचा पडदा सुकायला लागला. कडेचं दिसेनासं झालं, समोरचं तेवढं उरलं, तेही पुसट. घरच्यांना माहीत होतं. गावाला मात्र मी कळू दिलं नाही, आणि या लपवाछपवीत चार वर्षं जेवढी अक्कल खर्च केली, तेवढ्यात एखादी सरकारी परीक्षा पास झाले असते. वाटेत कुणी भेटलं तर ते बोलेपर्यंत मी मोबाईलमध्ये बघत राहायची. ठेच लागली की चपलेला नावं ठेवायची. कुणी लांबून हसलं तर माझ्याकडून काही उत्तर जायचं नाही, त्यामुळे पोरगी शिकली आणि हिला शिंगं फुटली, असं गावात ठरून गेलं. मला ते चालत होतं. शिष्ट म्हणा, आंधळी म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं होतं.

डोळे तपासणीच्या शिबिरात मिळालेली घडीची पांढरी काठी पर्समध्ये पडून असायची. ती मी घरी, दार लावून, दोनदा उघडून बघितली होती.

मग डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नर्सने एका ताईंचा नंबर दिला. आमच्यासारखी नजर असलेली तरुण मंडळी महिन्यातून एका रविवारी कर्जतला जमायची, आणि तो गट या ताई चालवायच्या. फोनवर त्यांचा आवाज एकदम खणखणीत.

"काठी वापरतेस का?"

"हो तर," मी ठोकून दिलं.

"शाबास. लाजायचं नाही. मी काठीशिवाय पाऊल टाकत नाही."

रविवारी सकाळी मी कशेळ्याच्या नाक्यावर आले. दोन जीपा उभ्या होत्या, एक कर्जतची आणि एक मुरबाडची. दोन्ही ड्रायव्हर चहाच्या टपरीवरून एकदमच पुकारत होते, त्यामुळे कोणती जीप कुठली हे काही कळेना. अशा वेळची माझी एक पद्धत होती. शेजारी कुणी बाई उभी असेल तर तिला, आपल्याला ठाऊकच आहे अशा सुरात विचारायचं.

"कर्जतची हीच ना?"

"हो, हीच," बाई म्हणाली आणि माझ्या मागोमाग चढली.

जीप सुटली. पाचेक मिनिटांनी बाईचा फोन वाजला. "निघाले मी," ती म्हणाली. "आज एक नवीन मुलगी येणार आहे. मला उशीर झाला तर तिला चहा द्या, आणि तिची काठी नीट आहे का बघा."

तोच खणखणीत आवाज. मी मान वळवून बाईला नीट निरखलं. हातात काठी नव्हती.

"ताई, ती नवीन मुलगी मीच."

ताई माझ्याजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुझी काठी?"

"पर्समध्ये. तुमची?"

"पर्समध्ये."

तेवढ्यात समोरच्या आजीबाईंनी ड्रायव्हरला विचारलं, "मुरबाडला किती वाजतील रं?"

"तुम्ही 'हो' कशाला म्हणालात?" मी ताईंना विचारलं.

"तू इतक्या ठामपणे बोललीस. मला वाटलं, पाटी वाचलीयस. मी तुझ्याच भरवशावर चढले."

आम्ही भर रस्त्यात उतरलो. तिथं ताईंनी कबूल केलं की त्या काठी उघडतात ती कर्जतला उतरल्यावर. सात महिन्यांपूर्वी त्यांचं लग्न झालं होतं आणि सासऱ्यांचं दुकान कशेळ्याच्या नाक्यावरच होतं. नजर अधू आहे हे सासरी माहीत होतं, पण सुनेच्या हातातली काठी भर बाजारात दिसली तर सासऱ्यांची मान खाली जाईल, याची त्यांना धास्ती होती. मला खरं तर राग यायला हवा होता. पण चार वर्षांत पहिल्यांदाच माझ्या तोडीची खोटारडी भेटली होती, आणि मला फार बरं वाटलं.

परतीची जीप थांबवायची तर आधी ती ओळखायला हवी. आम्ही येईल त्या गाडीला हात करत होतो. दुधाची गाडी गेली, फुलं लावलेली नवरदेवाची गाडी गेली, एक ट्रॅक्टर तर आम्ही हात खाली करेपर्यंत हॉर्न वाजवत होता. शेवटी मी म्हटलं, "काढू या का?"

"तू आधी."

"तुम्ही जुन्या आहात."

दोघींनी एकदमच काढल्या. पुढचाच टेंपो थांबला, आणि नेमके त्यात आमच्या गावचे काका.

"अगं, तुला दिसत नाय व्हय? आन आमी म्हनायचो, पोरगी लय शिष्ट झालीय."

"थोडं दिसतं, काका."

"मंग सांगायचं ना गं," म्हणत त्यांनी आम्हाला बसवून घेतलं.

ताईंनी नाक्याच्या अलीकडेच सोडायची विनंती केली. काकांनी टेंपो थेट दुकानासमोर लावला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, "सरका रं बाजूला, पोरींना दिसत नाय."

सासरे दुकानातून उठून आले. ताईंनी माझा दंड असा आवळला की नखं रुतली. मग मीच म्हणाले, "मामा, आम्ही चुकून मुरबाडच्या जीपमध्ये बसलो. हातात काठी असती तर कुणीतरी सांगितलं असतं."

"रोज बघतोय मी हितून," सासरे म्हणाले. "ही गटाराच्या कडंकडंनं जाते आन माझा जीव टांगनीला. पन तिला आवडत नसंल, म्हनून बोललो नाय."

त्यांनी आम्हाला कर्जतच्या जीपपाशी नेलं, पाटी मोठ्यानं वाचून दाखवली आणि बसवून दिलं.

जीप सुटताच ताई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागल्या. "मीही हेच करत होते, ताई," एवढंच मी म्हणाले. आमच्या गावातही मला आवडणार नाही म्हणून कितीजण बघून गप्प बसले असतील, हे मनात आलं आणि कर्जत येईपर्यंत मीही रडत राहिले.