दादाचा मधला स्पीकर

पाय लागला म्हणून आमचा दादा खुर्चीलाही सॉरी म्हणायचा. एसटीत कुणी त्याच्या पायावर पाय दिला, तर आधी हाच ओशाळायचा. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने दुसरी जिलबी टाकली की मागे ताटकळत उभ्या असलेल्यांकडे बघायचा, कुणाच्या वाटची तर आली नाही ना म्हणून. हिंजवडीच्या कंपनीत त्याच्या हाताखाली बरीच माणसं होती म्हणे, पण चेहरा कायम गृहपाठ न केलेल्या पोराचा. मी गावच्या शाळेत शिकवते, त्यामुळे तो चेहरा मला चांगला ओळखू येतो.

या ओशाळेपणाचं मूळ घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा विषय कुणी काढत नसे. आमचे वडील, आबा, मुठा खोऱ्यातल्या एका खडी क्रशरवर मशीन चालवायचे. दादा पुण्यात होस्टेलवर राहून शिकला, ती सगळी वर्षं आबा त्या धडधडाटात उभे होते. दादा इंजिनिअर होऊन घरी आला तोवर आबांना हाका ऐकू येईनाशा झाल्या होत्या. डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन दिलं. आबांनी ते थोडे दिवस वापरलं आणि ‘कानात किडा वळवळतोय’ म्हणून डब्यात ठेवून दिलं. तेव्हापासून आबांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. चहा झालाय, पाहुणे आलेत, हे ओरडून सांगता येतं. दादाच्या मनात जे होतं ते तसं सांगता येण्यासारखं नव्हतं. माफी ओरडून मागितली की ती भांडणासारखी वाटते.

आमच्या गावी, मुठ्याला, दादाने नवं घर बांधलं. आबा आणि मी तिथं कायमचे, दादा-वहिनी शनिवार-रविवारचे. नव्या घरात राहायला आलो तेव्हा त्याने हॉलमध्ये मोठा टीव्ही आणि पाच स्पीकर आणले. गावात लगेच बोभाटा झाला की इंजिनिअरने घरातच थेटर काढलं. दादाचा जीव मात्र त्यातल्या एकाच स्पीकरवर होता, टीव्हीच्या खाली आडवा ठेवतात त्या मधल्यावर. “तायडे, माणसं यातून बोलतात,” तो मला सांगायचा. “बाकीच्यांतून नुसत्या गाड्या आणि घोडे. आबांना गाड्या-घोडे काय करायचेत? त्यांना शब्द पाहिजेत.”

मग दर शनिवारी तो स्पीकर हलू लागला. आधी टीव्हीच्या वर भिंतीवर चढला, मग खाली फळीवर उतरला, मग कपाटात गेला आणि कपाट घुमतं म्हणून परत बाहेर आला. त्याचं तोंड जरा वर करायला माझ्या शाळेतले दोन डस्टर कामाला लागले. वहिनी म्हणाली, “आमच्या लग्नात यांनी मुहूर्तसुद्धा एवढा पाहिला नव्हता.” त्यावर दादा तिलाही सॉरी म्हणाला. कोळवणला फार्महाऊस असलेला त्याचा एक मित्र एकदा आला, सोफ्यावर टेकून बसला आणि म्हणाला, “बॉस, परफेक्ट. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानावर रोखलाय एकदम.” दादाचा चेहरा त्या दिवशी जरा उजळला.

आबांना विचारलं की त्यांचं एकच उत्तर असायचं, “येतंय की ऐकू. लई भारी.” आम्ही सगळे खूश. एका शनिवारी विनोदी सिनेमा लावला होता. मी सहज आबांकडे पाहिलं तर ते टीव्हीकडे बघतच नव्हते, आमच्या तोंडाकडे बघत होते. आम्ही हसलो की ते हसायचे, थोडं मागून. वर्गात मागच्या बाकावरची पोरं असंच करतात, त्यांना उत्तर येत नसतं आणि ते मला कळू द्यायचं नसतं.

आबा बसले होते खाली, दाराशेजारच्या भिंतीला टेकून. आयुष्यभर गावातल्या लोकांच्या घरी दारापाशी बसलेला माणूस. स्वतःच्या घरातही त्यांचं अंग तिथंच टेकायचं. सोफ्यावर ते कधीच बसले नव्हते. हे दादाला माहीत होतं, मला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं. तरी एवढी उस्तवार करताना आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की स्पीकर ज्याच्यासाठी लावतोय तो माणूस त्या जागी बसतच नाही. सगळे शब्द त्यांच्या डोक्यावरून आणि बाजूने जात होते.

मी दादाला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. “इतके दिवस मी सोफ्याला ऐकवत होतो गं,” म्हणाला. मला हसू यायला हवं होतं, पण त्याचं तोंड बघवेना.

त्याने आबांना सोफ्यावर बसायची विनंती करून पाहिली. आबा एक संध्याकाळ बसले, दवाखान्यात नंबर लावून बसतात तसे, गुडघ्यावर हात ठेवून. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारापाशी. तेव्हा दादाने तो विचारच सोडला आणि स्पीकर उचलून पाटावर ठेवला, टीव्हीपासून लांब, आबांच्या कानाकडे तोंड करून. कोळवणच्या मित्राने कपाळाला हात लावला. “अरे, हिरो तिकडे आणि त्याचा आवाज दारात?” दादा पहिल्यांदाच कुणाला सॉरी म्हणाला नाही. त्या रात्री तोच विनोदी सिनेमा परत लावला. थोड्या वेळाने आबा म्हणाले, “ही बाई शिव्या देतीया व्हय? मला वाटत हुतं, नवऱ्याला जेवाया बोलावतीया.” आम्ही पोट धरून हसलो, आणि या वेळी आबा आमच्याबरोबर हसले.

दादाला शब्द नेमके कशासाठी हवे होते, ते मला त्याच्या पुढच्या रविवारी कळलं. दुपारची वेळ, आबा भिंतीला टेकलेले, टीव्ही बंद. दादाने गाणी म्हणायचा माइक जोडला आणि सोफ्याच्या कडेवर बसला. मी स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत होते. दादा अगदी हळू बोलला, पण पाटावरच्या स्पीकरमधून प्रत्येक अक्षर आलं. “आबा, माझ्या शिक्षणापायी तुमचे कान गेले. मला ते कधी विसरता आलं नाही. माफ करा मला.”

आबांनी आधी स्पीकरकडे पाहिलं. मग दादाकडे वळून, त्यांच्या नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाले, “तुज्यापायी? खुळा का काय तू? आरं, गावात मला कोन इचारत हुतं? क्रशरवर समदी मला ऑपरेटर म्हनायची. माजा हात हलल्याबिगर मशीन हलत नव्हती. मला सोडवत नव्हतं ते. तू शिकला नसतास तरी म्या तितंच ऱ्हायलो असतो.” आणि मला म्हणाले, “च्या टाक गं.”

दादाने माइक खाली ठेवला. मग रडला, मग हसला आणि आत येऊन माझ्या परातीतले तांदूळ चिमटीने निवडायला लागला, जे त्याने जन्मात केलं नव्हतं. त्या दिवसापासून माणूस बदलला. लग्नात जिलबी मागून घेऊ लागला. एसटीच्या कंडक्टरशी त्याने वाद घातला. एकदा तर जागेवर न ठेवलेल्या किल्लीवरून तो माझ्यावर ओरडला, आणि मला इतका आनंद झाला की मी भांडायचीच विसरले. वहिनी म्हणायची, आता हे झोपेत दात खात नाहीत.

दादाला हे सुख फार काळ लाभलं नाही. हिंजवडीत ऑफिसातच तो कोसळला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. आजही त्याच्याबद्दल ‘होता’ म्हणताना माझी जीभ अडखळते.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळी वस्ती आली होती. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. वहिनी आत पडली होती. आबा त्यांच्या जागेवर बसले होते, मी सतरंज्या गोळा करत होते. त्यांनी मला हाताने खूण करून जवळ बसवलं.

“तायडे, म्या त्याला खोटं सांगितलं.”

मी हातातली सतरंजी बाजूला ठेवली.

“ऑपरेटर म्हनायचे, ते खरं. पर पयल्याच साली कान दुखाया लागलं, तवाच सोडायचं मनात हुतं. पोराची शाळा हुती म्हनून न्हाई सोडलं. त्यानं इचारलं तवा म्हनलं, कशाला त्याच्या डोक्यावर वझं. म्हनून तसं बोललो.” मग ते म्हणाले, “आता वाटतंय, चुकलं माजं. पोरानं यवढी मापी मागितली. कशाची मापी म्हनून म्या ती परतच लावली. केलं माप, यवढंच म्हनायचं हुतं. ते न ऐकताच गेलं की गं पोर.”

त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता, खडीच्या धुळीने कायमचा खरखरीत झालेला. डोळ्यांत पाणी नव्हतं. तो गृहपाठ न केलेल्या पोराचा चेहरा मात्र होता, आणि तो या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर मला सोसवेना. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “आबा, दादाला ठाऊक होतं. तुम्ही त्याच्यासाठी खोटं बोललात, ते त्याला कळलं होतं. मला म्हणाला होता तो. आबांनी माफ केलं, म्हणाला.”

“व्हय?” आबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “आसं म्हनला?”

मी मान हलवली. आबांनी डोळे मिटले आणि डोकं भिंतीला टेकलं. दादा मला असं काहीच म्हणाला नव्हता.