दारापाशी ठेवलेला टीव्ही

बात्मा-एजेची हाक आली की माझी कंबर आधी दुखायला लागते, काम काय आहे ते मागाहून कळतं. तोकमोक शहरातल्या आमच्या पाचमजली इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि ती माझ्या डोक्यावर, तिसऱ्या. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून एजे, म्हणजे ताई. थोरल्या बहिणीला नाही म्हणायची आमच्यात सोय नाही, आणि हिला तर मुळीच नाही. तिचा सोफा मी या गोष्टीआधी अकरा वेळा हलवला होता. त्यावर बसलो असेन दोनदा.

तिची उमर शिवणकारखान्यात गेली. एकतीस वर्षं ती कापड बेतत होती. ज्या तुकड्यातून इतर बायका नऊ विजारी काढायच्या, त्यातून ही दहा काढायची आणि वर उरलेल्या चिंध्यांतून कुणाच्या तरी पोराची टोपी. कारखाना बंद पडला तेव्हा ती कात्री घेऊन घरी आली आणि आमच्या खोल्या बेतायला बसली. इमारतीत साठ बिऱ्हाडं. साठांचीही बैठकीची खोली तीच: पावणेतीन मीटर रुंद, सहा मीटर लांब, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला बाल्कनी. त्यात भिंतभर शोकेस, सोफा, गाद्या-रजयांची चळत रचलेली पेटी आणि मागून पोट सुटलेला टीव्ही. कुणी कुरकुर केली की ही म्हणायची, "पन्हा कमी आहे म्हणून कापडाला कशाला शिव्या देता? बेतणारीने डोकं चालवावं."

तिची पद्धत तिची स्वतःचीच. जुनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवून ती सोफ्याएवढा सोफा आणि टीव्हीएवढा टीव्ही कागदाचा कापायची. ते सगळं रिकाम्या जमिनीवर मांडायचं आणि भरलेल्या चहाच्या वाट्यांचा ट्रे घेऊन मधून चालायचं. चहा सांडला, बेत नापास. नाही सांडला तर मग मला हाक. आता कागदाला वजन नसतं हे खरं, पण खऱ्या सोफ्याला असतं. तो उचलून मी घामाघूम झालो की हिला हमखास आणखी चांगला बेत सुचायचा.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी एकच, आयसाल्कीन. रोज सकाळी बसने राजधानीला जाऊन डॉक्टरकी शिकत होती. चार वर्षं झाली होती, दोन राहिली होती. कोचकोर गावच्या एमिलशी तिचं जमलं, दोन्ही घरांनी होकार दिला, लग्न ऑक्टोबरात ठरलं. मुलगा चांगला, पण घरातला धाकटा. धाकट्याची बायको म्हणजे सासूचा उजवा हात. विहीणबाई कालीपा यांनी निरोप धाडला, की लग्न झालं की मुलगी गावी येईल, माझे गुडघे गेलेत, घरात सहा गायी आहेत, शिक्षणाचं नंतर बघू. नंतर बघू म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

त्या घरात शेवटचा शब्द एकाचाच. एमिलचे आजोबा, तोक्तोमाम्बेत, वय एक्क्याऐंशी. त्यांच्यापुढे तोंड उघडायची एमिलच्या बापाचीही टाप नव्हती. आणि हे आजोबा सहा माणसं घेऊन शनिवारी एजेकडे जेवायला येणार होते. एजेने मनाशी ठरवलं होतं, की त्यांना मानाने बसवायचं, पोटभर खाऊ घालायचं आणि मग पदर पसरून पोरीसाठी दोन वर्षं मागायची.

घोडं अडलं ते टीव्हीवर.

दारापासून सगळ्यात लांबची जागा ती तोर. तिथे वडीलधारा बसतो, मग वयाप्रमाणे एकेक खाली, आणि दाराशी चहा ओतणारी सून नाहीतर मुलगी. पण आमच्या साठही घरांत तोरावर टीव्हीच बसलेला, कारण अँटेनाची वायर बाल्कनीतून येते. एरवी पाहुणे आले की टीव्ही बंद केला, काम झालं. त्या शनिवारी मात्र उलाकचा अंतिम सामना होता आणि त्यात नारीनकडचा, म्हणजे त्यांच्याच भागातला संघ. घोड्यावरून बकऱ्याचं धड हिसकावून गोलात नेऊन टाकायच्या या खेळात आजोबांनी तरुणपणी पंचक्रोशी गाजवली होती. विहीणबाईंचा फोन आला, "ते म्हणतात, सामना चुकणार असेल तर मी येत नाही."

शुक्रवारी मला हाक आली. वर गेलो तर सगळं सामान बाजूला रेटलेलं आणि जमिनीवर नुसते कागद.

"तोरावर टीव्ही ठेवला तर त्यांची पाठ टीव्हीला," एजे म्हणाली. "मान वळवून वळवून लचकेल."

"आणि बाकीचे सगळे त्यांच्या डोक्यावरून टीव्ही बघतील," आयसाल्कीन म्हणाली. "आजोबांना वाटेल, काय आदर आहे!"

"बाजूच्या भिंतीला लावू," मी म्हटलं.

"लाव की," एजे म्हणाली. "मग हा ट्रे घेऊन तू जा मधून, आणि तुझं पोट बाल्कनीतून बाहेर काढून ये."

ट्रे घेऊन गेलो. तीन वाट्या सांडल्या.

 मग एजे वाकली, टीव्हीचा कागद उचलला आणि सरळ दाराच्या कोपऱ्यात नेऊन टाकला.

"एजे, तिथे चपला असतात!"

"असू देत. मान माणसाला असतो, टीव्हीला कसला मान? आजोबा तोरावर बसतील आणि समोर सरळ टीव्ही. वायर गालिच्याखालून ने. तू बसडेपोत इलेक्ट्रिशियनच होतास ना, की नुसता डबा खायला जात होतास?"

वायर नेली. टीव्ही उचलला, ठेवला, पुन्हा चार बोटं डावीकडे सरकवला. सोफा तिने माझ्या घरी पाठवला, ती बारावी खेप. खोलीच्या मधोमध लांब बुटकं टेबल, दोन्ही बाजूंनी गाद्या. एजे ट्रे घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. थेंबही सांडला नाही. मी मनातल्या मनात हात जोडले. बाई कटकटी होती, पण कसबी होती.

शनिवारी पाहुणे आले. घरात पुरुषमाणूस नको का, म्हणून मी होतोच. आजोबा तोरावर तीन गाद्यांवर बसले, त्यांच्या एका बाजूला त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे व्याही, दुसऱ्या बाजूला विहीणबाई, मग बाकीचे, मग मी. टेबल तळलेल्या बोरसोक-पावांनी भरलेलं. दाराशी सामोवारजवळ, त्या चहाच्या बंबाजवळ, आयसाल्कीन, आणि तिच्या खांद्यामागे टीव्हीवर घोडे उधळलेले. मेंढ्याचं मुंडकं आजोबांपुढे ठेवलं. त्यांनी दुवा दिली, रीतीप्रमाणे मुंडक्याचा कान कापून पोरीकडे पाठवला आणि जे टीव्हीकडे तोंड केलं ते केलंच.

विहीणबाईंनी विषय काढला. "लग्न ऑक्टोबरात. नोव्हेंबरात गायी गोठ्यात येतात. तोवर मुलगी घरात हवी."

"विहीणबाई, दोनच वर्षं राहिलीत हो पोरीची," एजे म्हणाली.

"शिक्षण काय पळून जातंय? गाय मात्र पहाटे पाचला हंबरते. आणि माझे गुडघे बघा, उठताना कुरकुर वाजतात. खोटं नाही सांगत."

खोटं नव्हतंच. बाईने तीन मुलं आणि ती गुरं एकटीने ओढली होती, हे आम्हालाही ठाऊक होतं. सगळ्यांनी आजोबांकडे बघितलं. आजोबा गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. आणि वडीलधारा गप्प म्हणजे होकार, दुसरं काय? एजेचा चेहरा पडला. पाणी घेण्याच्या निमित्ताने ती माझ्या कानाशी वाकली. "मीच हात दाखवून अवलक्षण केलं रे जोल्चू. त्यांच्या तोंडापुढे टीव्ही ठेवला. आता त्यांचे कान इकडे कशाला लागतात?"

एवढ्यात टीव्हीवर आरडाओरडा झाला. आजोबांनी विचारलं, "कोणी नेलं?" कुणीतरी सांगितलं. पुन्हा आरडाओरडा, पुन्हा "कोणी टाकलं?" तिसऱ्या वेळी आजोबा टेबलावर हात टेकून उठले, टेबल आणि शोकेस यांच्यामधल्या एजेच्या त्या बेतलेल्या वाटेने, सगळ्यांच्या गुडघ्यांवरून झगा ओढत, अख्खी खोली चालून गेले आणि दारात, उंबऱ्याला लागून, सामोवारच्या शेजारी मांडी घालून बसले.

आमची पाचावर धारण बसली. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस उंबऱ्यात, आणि आम्ही सगळे त्याच्या वर! सातही जण एकदम उठले. उठले खरे, पण जाणार कुठे? ती वाट एका ट्रेपुरती बेतलेली. माझ्या पायावर व्याही, व्याह्यांच्या पाठीत विहीणबाईंचं कोपर, आणि दाराहूनही खालच्या मानाची जागा उरली ती थेट जिन्यात.

"बसा रे!" आजोबा मागे न बघता ओरडले. "गोल होतोय!"

जो जिथे होता तिथेच बसला. म्हणजे तोर आता दाराशी, आणि विहीणबाई बाल्कनीला टेकून घरातल्या सगळ्यात खालच्या जागी. वर टीव्हीचा आवाज असा, की दाराशी काय बोलतात ते त्यांना ऐकू जाणं शक्य नाही. मी मधोमध अडकलो होतो, म्हणून मी ऐकलं.

"पोरी, आपले लाल की निळे?"

"निळे, आजोबा."

"मला सगळे राखाडीच दिसतायत. हल्ली टीव्हीच वाईट बनवतात. घरीही तेच. तीन अँटेना बदलायला लावल्या या पोराला."

आयसाल्कीनने चहाची किटली खाली ठेवली. "आजोबा, जरा खिडकीकडे बघता? ... आता माझ्याकडे." तिने खाली वाकून त्यांच्या डोळ्यांत नीट बघितलं. "टीव्ही चांगला आहे आजोबा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

"मी तीन वेळा छतावर चढलो!" व्याही मागून कळवळून म्हणाले. त्यांचं पहिलं वाक्य ते.

"तू गप रे," आजोबा म्हणाले. "पोरी, निघतो का तो?"

"निघतो की. अर्ध्या तासाचं काम."

"तू काढशील?"

"मी कशी काढू? माझं शिकणं चालू आहे. डॉक्टर व्हायला दोन वर्षं, मग डोळ्यांचं शिकायचं तर आणखी दोन."

आजोबांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे मी पंच्याऐंशीचा."

"हो."

"थांबतो," आजोबा म्हणाले आणि पुन्हा टीव्हीकडे वळले.

 बाल्कनीकडून विहीणबाई ओरडल्या, "काय म्हणाले? कोण थांबतंय?"

"आजोबा थांबतायत," व्याह्यांनी मागे सांगितलं.

"कशासाठी?"

"पोरगी डॉक्टर होईपर्यंत."

"आणि माझ्या गायी?"

 आयसाल्कीन तोवर आजोबांवरच डाफरली, "चार वर्षं थांबाल तर भिंतीवर आपटाल! लग्न झालं की लगेच ऑपरेशन करायचं. मी स्वतः घेऊन जाणार." घरातल्या कुणी आजोबांना असं कधी झापलं नसावं. ते खुदकन हसले आणि चहासाठी वाटी पुढे केली.

मी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. एजे पळी धरून भिंतीकडे तोंड करून उभी.

"रडतेस, एजे?"

"कांद्याने."

"कांदा कुठाय?"

"तुला काय करायचंय? सामोवारला पाणी घाल!"

घातलं. मलाही भरून आलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू. ती पोर माझ्या जिन्यावरून चढउतर करत मोठी झाली होती.

लग्न ऑक्टोबरात झालं. आयसाल्कीन आठवडाभर आईकडे राहून कॉलेजला जायची आणि शनिवार-रविवार गावी जाऊन गायींची धार काढायची. विहीणबाईंचे गुडघे तिने राजधानीतल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवले. नोव्हेंबरात आजोबांचा उजवा डोळा झाला आणि ते आठ दिवस एजेकडे राहिले. पट्टी निघाल्यावर त्यांनी शोकेसमधला प्रत्येक पेला मोजला, टीव्हीच्या काचेवरची धूळ एजेला दाखवली आणि मला म्हणाले, "तू एवढा म्हातारा असशील असं वाटलं नव्हतं."

नवव्या दिवशी विहीणबाई त्यांना न्यायला आल्या. दोन घोट चहा घेतला आणि हळूच म्हणाल्या, "मामंजी, डोळा तर झाला. तोही दुसऱ्याच डॉक्टरने केला. मग आता पोरीने कशासाठी शिकत राहायचं?"

  आजोबांनी वाटी ठेवली, तळहाताने उजवा डोळा झाकला आणि धुकट डाव्या डोळ्याने सुनेकडे बघितलं.

"हा आहे ना अजून," ते म्हणाले. "हा तिचा."